अडलेला शब्द, बसलेला आवाज

माझ्या मामांचे इतवारीत धान्याचे दुकान होते. घाऊक व्यापार, सकाळपासून हमाल-मापाड्यांची वर्दळ आणि दिवसभर भावाची घासाघीस. मामांची पारख उत्तम, हिशेब पक्का. पण ‘त’ हे अक्षर त्यांच्या जिभेवर येऊन थांबे. गिऱ्हाइकाने तुरीचा भाव विचारावा, मनात तेवीसशेचा आकडा तयार असावा आणि ओठ मात्र बंद राहावेत. दोन क्षण तसेच जात. मग मामा म्हणत, ‘बावीसशे’. पुष्कळ वर्षांनी, दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर, त्यांनीच हे मला हसत हसत सांगितले. क्विंटलमागे शंभर रुपये एका अक्षरापायी गेले, आणि असे किती वेळा झाले त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. घरात आम्हा सर्वांना वाटे, मामा मितभाषी आहेत, सौद्यात जरा नरम आहेत. ते तोतरे आहेत हे सर्वांना ठाऊक होते. ते रोज काय टाळतात हे कोणालाच ठाऊक नव्हते.

व्यापारी घराण्यात वाणी हेच अर्धे भांडवल असते. तरीही बोलण्यातील दोषांविषयी आपल्याकडे जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच अन्य एखाद्या विकाराविषयी असतील. दोष आपल्या भाषेतच मुरला आहे. एखादा घाबरला वा खोटे बोलताना पकडला गेला की त्याचे ‘त-त-प-प’ झाले असे आपण म्हणतो. म्हणजे अडखळणे हे भित्रेपणाचे वा लबाडीचे लक्षण, हे गृहीतक लहानपणीच आपल्या कानांवर पडलेले असते. नाटक-सिनेमांतील तोतरे पात्र तर हशा पिकवण्यासाठीच येते.

प्रथम शब्दांची थोडी निवड करू. बोबडे बोलणे निराळे आणि तोतरे बोलणे निराळे. बोबड्या बोलात ‘र’चा ‘ल’ किंवा ‘क’चा ‘त’ होतो. म्हणजे उच्चार चुकतो. तोतरेपणात उच्चार अचूक येतो, परंतु प्रवाह तुटतो: अक्षर पुन्हा पुन्हा येते, लांबते किंवा आवाज मुळीच फुटत नाही. ही शेवटची अवस्था ऐकणाऱ्याला सर्वात कमी दिसते आणि बोलणाऱ्याला सर्वात अधिक छळते. आवाजाचे विकार हे तिसरे प्रकरण. तिथे शब्द सुरळीत येतात, पण स्वर घोगरा, फाटका, क्षीण किंवा थकलेला असतो. तिघांची कारणे भिन्न, उपचार भिन्न. घरगुती उपाय मात्र आपण एकच करतो, वेखंड उगाळून जिभेला लावतो. तोतरेपणाचे मूळ जिभेत नाही, त्यामुळे वेखंडाने तो जात नाही. तोंडात खडे धरून बोलण्याची युक्ती ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिसच्या दंतकथेतून आली आहे. जिभेलाच दोषी धरण्याची चूक केवळ आपल्या आजीबाईंची नव्हे. बर्लिनचे ख्यातनाम शल्यचिकित्सक डीफेनबाख यांनी १८४१ मध्ये तोतरेपणा घालवण्यासाठी रुग्णांच्या जिभेचा तुकडा कापण्याची शस्त्रक्रिया केली होती, तीही भूल देण्याची सोय येण्यापूर्वी!

आज एवढे निश्चित म्हणता येते की तोतरेपणाचा पाया मेंदूतील वाणीच्या नियोजनात आहे. श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांना सेकंदाच्या अंशात एकामागून एक आज्ञा जाव्या लागतात, आणि त्या वेळापत्रकात कुठे तरी व्यत्यय येतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी संबंधित पहिली जनुके ओळखली. म्हणजे ‘काकांची नक्कल करून हा तोतरा झाला’ या घरोघरीच्या निदानात नक्कल खोटी, पण काका खरे! भीतीने, रागावल्याने किंवा डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची सवय लावल्याने तोतरेपणा जन्माला येतो याला आधार नाही. ताणाने तो वाढतो मात्र नक्की.

साधारणतः शंभरातील पाच मुले कधी ना कधी तोतरे बोलतात. सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान, वाक्ये जुळवण्याच्या वयात होते. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे बोलणे पुढे आपोआप किंवा थोड्या मदतीने सुरळीत होते. प्रौढांत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उरते, आणि त्यांत स्त्रियांपेक्षा पुरुष सुमारे चौपट असतात. या आकड्यांच्या भरवशावर ‘मोठा झाला की जाईल’ असे सांगणारे वडीलधारे पुष्कळदा खरे ठरतात. अडचण अशी की कोणत्या मुलाचे जाईल आणि कोणाचे राहील हे आधी सांगता येत नाही. कुटुंबात अन्य कोणाचा तोतरेपणा कायम राहिला असेल, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली असेल, सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल, किंवा बोलताना मूल डोळे मिटते, मान झटकते, पाय आपटते, ‘मला बोलता येत नाही’ असे म्हणते, तर वाट पाहण्यात शहाणपण नाही. वाचा-उपचार शाळेपूर्वीच्या वयात जितके लागू पडतात तितके पुढे पडत नाहीत.

या वयासाठी ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळच्या लिडकम येथे विकसित झालेली पद्धत आज जगभर वापरली जाते. तिच्यात उपचार करणारे मुख्यतः आई-वडीलच असतात; तज्ज्ञ त्यांना आठवड्यातून एकदा शिकवतात. रोज थोडा वेळ मुलाशी खेळावे, बोलणे सुरळीत आले की ‘छान, किती सहज बोललास’ अशी मोजकी दाद द्यावी, अडखळण्याकडे क्वचितच आणि हळुवारपणे लक्ष वेधावे. वाचताना हे फार सोपे वाटते. करून पाहा. दुकान बंद करून रात्री साडेनऊला घरी आलेल्या बापाला पंधरा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून चार वर्षांच्या मुलाचे बोलणे ऐकणे हे उपचारातील सर्वात कठीण अंग आहे, असे मला वाटते.

‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘आधी विचार कर मग बोल’ ही वाक्ये मायेपोटी येतात. त्यांतून मुलाला एवढेच कळते की आपले बोलणे चुकीचे आहे. वाक्य त्याच्या वतीने पूर्ण करण्याचे तर व्यसनच असते आपल्याला. त्यापेक्षा आपणच किंचित संथ बोलावे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत चेहऱ्याकडे पाहत थांबावे. पाहुण्यांसमोर ‘काकांना कविता म्हणून दाखव’ हा आग्रह काही काळ आवरावा.

मुलाला वारंवार टोकल्याने काय होते याची एक काळी कथा आहे. १९३९ मध्ये अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्यांच्या विद्यार्थिनीने एका अनाथालयातील बावीस मुलांवर प्रयोग केला. त्यांतील काही मुले व्यवस्थित बोलत होती. त्यांना जाणूनबुजून सांगितले गेले की तुमचे बोलणे बिघडले आहे, अडखळणार असाल तर बोलूच नका. ती मुले कायमची तोतरी झाली असे नाही, पण बोलायला बिचकू लागली, गप्प झाली, वर्गात मागे पडली. प्रयोग दडून राहिला. २००१ मध्ये वृत्तपत्राने तो उघडकीस आणल्यावर विद्यापीठाने क्षमा मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने सहा जणांच्या दाव्यात ९,२५,००० डॉलर देऊन तडजोड केली. गमतीची नव्हे, खेदाची गोष्ट अशी की जॉन्सन स्वतः तोतरे होते.

आणखी एक गैरसमज आपल्या घरांत विशेष आढळतो. स्वाध्यायात किंवा आरतीला सर्वांबरोबर स्तोत्र म्हणताना मूल एकदाही अडखळत नाही. घरी येऊन पाणी मागताना मात्र त्याची त्रेधा उडते. आई-वडील म्हणतात, ‘मंदिरात तर खणखणीत म्हणतो, मग हा मुद्दामच करतो!’ वस्तुतः समूहाने म्हणताना आणि गाताना जवळजवळ सर्वच तोतऱ्या व्यक्तींची वाणी मोकळी होते. लय बाहेरून मिळते, पुढचा शब्द स्वतः शोधावा लागत नाही, आणि आपल्यावर कोणाची नजर नसते. हे वैशिष्ट्य शास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यात मुलाची लबाडी नाही.

भाषांच्या संख्येचेही तसेच. नागपूरच्या आपल्या घरात आजी मारवाडी किंवा गुजराती बोलते, आई मराठी, दुकानात हिंदी, शाळेत इंग्रजी. तोतरेपणा दिसताच ‘एकच भाषा ठेवा’ असा सल्ला मिळतो आणि बहुधा आजीच्या भाषेवर गदा येते. अनेक भाषा ऐकल्याने तोतरेपणा होतो असे सिद्ध झालेले नाही. मूल ज्या भाषेत जिव्हाळ्याने बोलते ती काढून घेतल्याने हानी मात्र होते.

मोठेपणी उपचार सुरू करणाऱ्यांना खरे सांगितले पाहिजे. तोतरेपणा मुळासकट नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही. ‘दहा दिवसांत खात्रीने बरा’ अशा जाहिरातींपुढे पाकीट बंदच ठेवावे. अशा शिबिरात मुले दहाव्या दिवशी खरोखर अस्खलित बोलतात, एका ठरावीक संथ सुरात. घरी परतल्यावर तो सूर महिनाभरही टिकत नाही, आणि मग दोष मुलाच्या आळसाला दिला जातो. खऱ्या उपचाराची दोन अंगे आहेत. एक तंत्राचे: शब्दाची सुरुवात मऊ श्वासाने करणे, पहिले अक्षर किंचित ताणणे, अडकलेल्या शब्दातून जोर न लावता सरकत बाहेर पडणे. दुसरे भयाचे. टाळलेला शब्द अधिक भयंकर होतो, म्हणून तो मुद्दाम उच्चारायचा, फोन उचलायचा, प्रसंगी जाणूनबुजून अडखळून पाहायचे की जग कोसळत नाही. २००८ मध्ये स्थापन झालेली ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही स्वमदत संस्था या दुसऱ्या अंगावर भर देते. तोतरे बोलणाऱ्यांनीच चालवलेल्या तिच्या सभांत प्रत्येकाला हवा तितका वेळ घेऊन बोलता येते.

येथे आपल्या परिचय संमेलनांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. उपवर मुला-मुलींनी मंचावर यावे, ध्वनिक्षेपक हाती घ्यावा आणि स्वतःचे नाव, गोत्र, शिक्षण, व्यवसाय सांगावा. समोर हजार डोळे. तोतऱ्या माणसाला स्वतःचे नाव सर्वात अवघड जाते, कारण ‘तेवीसशे’ऐवजी ‘बावीसशे’ म्हणता येते, नावाला पर्याय नसतो. नाव सांगताना अडखळलेल्या तरुणाकडे पाहून मागच्या रांगेतील कुजबुज मी ऐकली आहे: ‘स्वतःचे नावही येत नाही?’ तो मुलगा सनदी लेखापाल होता. त्यानंतरच्या वर्षी तो आला नाही. परिचयपत्र वाचून दाखवण्याची किंवा निवेदकाबरोबर बोलण्याची मुभा संयोजकांनी दिली तर खर्च शून्य आहे. आणि बायोडाटात हा उल्लेख लपवावा की नाही, असे मला विचाराल तर लपवू नये. पहिल्याच भेटीत ‘मी अडखळतो, थोडा वेळ लागेल’ एवढे सांगितलेल्या माणसाचा निम्मा ताण तिथेच उतरतो.

आता आवाजाकडे वळू. स्वरयंत्रातील दोन स्वररज्जू पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला सुमारे शंभर ते दीडशे वेळा आणि स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास एकमेकांवर आपटतात. दिवसभराचा हिशेब वाचकांनी करून पाहावा. हे रज्जू जिवंत माणसाच्या घशात प्रथम नीट पाहिले ते कोण्या वैद्याने नव्हे. १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साह्याने स्वतःचेच रज्जू पाहिले.

महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास तर फुटलेल्या आवाजांनी घडला आहे. भास्करबुवा बखले बालवयात किर्लोस्कर मंडळीत गात. वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. पुढे वर्षानुवर्षे तालीम घेऊन ते थोर गवई आणि बालगंधर्वांचे गुरू झाले. उस्ताद अल्लादिया खाँ यांचा आवाज आमलेता संस्थानात अतिगायनाने गेला असे सांगितले जाते. परतलेला आवाज पूर्वीचा नव्हता; त्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी त्यांनी रचली, आणि १८९५ पासून कोल्हापूर दरबारात राहून ती महाराष्ट्राला दिली. वयात येताना मुलाचा आवाज फुटणे हा अर्थातच आजार नव्हे. परंतु सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज मुलीसारखा बारीकच राहिला तर त्याची टिंगल होते. कान-नाक-घसा तज्ज्ञाने स्वरयंत्र निरोगी असल्याचे पाहिले की हा दोष वाचा-उपचाराच्या थोड्याच बैठकांत, शस्त्रक्रियेशिवाय, बहुधा दूर होतो. या साध्या गोष्टीच्या अज्ञानात कित्येक तरुण फोनवर ‘मॅडम’ ऐकत आयुष्य काढतात.

बाजारातील आवाजाचे शत्रू ओळखीचे आहेत. कळमन्याच्या यार्डात हर्रासाच्या वेळी ओरडणे, मिरचीची आणि धान्याची धूळ, एप्रिलपासून जूनपर्यंत घरघरणाऱ्या कूलरवर आवाज चढवून केलेला संसार. सतत ओरडण्याने दोन्ही रज्जूंवर घट्ट्यासारख्या लहान गाठी येतात. शिक्षिका, विक्रेते, प्रवचनकार आणि मैदानात किंचाळणारी मुले यांच्यात त्या हमखास दिसतात. त्या कर्करोगाच्या नसतात आणि पुष्कळदा बोलण्याची रीत सुधारून विरतात. कापून काढल्या आणि ओरडणे तसेच राहिले तर परत येतात. घसा बसल्यावर कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती, हीही चुकीची समजूत. कुजबुजण्याने ताण पडू शकतो. विश्रांती म्हणजे मौन. सारखे खाकरणे टाळावे, पाणी थोडे थोडे दिवसभर घ्यावे. निर्जल उपवासात स्वररज्जूंवरील ओलावा कमी होतो. त्या दिवसांत ध्वनिक्षेपकाविना प्रवचन देऊ नये.

पोटातील आम्ल झोपेत घशापर्यंत चढून सकाळी आवाज घोगरा होतो, याकडे व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. यावर डॉक्टर सांगतात की निजण्यापूर्वी दोन-तीन तास काही खाऊ नका. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आजोबांना हे सांगावे लागत नाही. रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवे होणाऱ्या त्यांच्या नातवाला लागते.

या लेखातील सर्वात निकडीची ओळ ही: कोणत्याही सर्दी-खोकल्याशिवाय तीन-चार आठवडे आवाज बसलेला राहिला, तर ज्येष्ठमध चघळत बसू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्यावे. चाळिशी ओलांडलेल्या आणि तंबाखूचे कोणतेही सेवन करणाऱ्या व्यक्तीने तर नक्कीच. तपासणीला काही मिनिटे लागतात. स्वरयंत्राचा कर्करोग आवाजातून लवकर बोलतो, हे त्यातल्या त्यात सुदैव. प्रारंभीच सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते आणि आवाजही बहुधा वाचतो. विडी-सिगारेट आणि मद्य ही त्याची मुख्य कारणे आहेत. नागपूरचा खर्रा अधिक करून तोंडाचा घात करतो, पण सुपारी-तंबाखू-चुन्याची ती पुडी दुकानात आल्या-गेल्याला पुढे करणे हा पाहुणचार नव्हे, हे आपल्या काही पेढ्यांवर अजूनही सांगावे लागते. कधी कारण निराळेच निघते. डाव्या स्वररज्जूची नस छातीत महाधमनीखालून वळसा घेऊन वर येते, त्यामुळे छातीतील गाठही आधी आवाजातून प्रकट होऊ शकते.

स्वरयंत्र काढावेच लागले तरी वाचा संपत नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये लहानशी झडप बसवून बोलता येते. परदेशी झडपेची किंमत हजारो रुपये असे. बंगळुरूचे शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी उद्योजक मित्राच्या साह्याने ‘ओम’ नावाची झडप सुमारे पन्नास रुपयांत तयार केली. एका व्यापाऱ्याच्या नजरेला हा हिशेब पुरेसा बोलका आहे.

नागपूरकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहेत. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कर्करोगासाठी राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक रुग्णालय आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारावे. १९९२ च्या कायद्याने ती आवश्यक आहे. विचारण्यात संकोच कसला? सोने घेताना हॉलमार्क पाहतोच आपण. मुंबईच्या वांद्र्यातील अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही या क्षेत्रातील देशातील प्रमुख केंद्रे.

मामांचा नातू साडेचार वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचा ‘क’ अडू लागला. या वेळी वेखंडाचे नाव निघाले तेव्हा मामांनीच ते थांबवले आणि सुनेला म्हणाले, ‘बाई, डॉक्टरांकडे ने. माझे पैसे वसूल होऊ देत.’ दर शनिवारी तो आणि त्याची आई वाचा-उपचाराला जातात. सहावा महिना सुरू आहे. अडखळणे कमी झाले आहे, गेलेले नाही. रोजची पंधरा मिनिटे मात्र मामांनी स्वतःकडे घेतली आहेत. जुन्या तराजूत तूर आणि काबुली चणे तोलायचा खेळ चालतो, आणि भाव नातू सांगतो.